वाईची गाडी आणि लाल पेनाने गोल केलेले थेंब

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. वाई.

विकत घ्यायला बघतोय ती गाडी २०१६ ची. चार सिलिंडर, १.२ लिटर पेट्रोल, पाच गिअर, एमएच-११. किलोमीटर ६८,४१०. मालक पहिल्यापासून एकच, निवृत्त शिक्षक. मागतायत ३ लाख ४० हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही, नऊ वर्षांच्या रबराला कंपनी तरी काय करणार.

काल फोनवर एकच विनंती केली होती, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गुरुजींनी ती तंतोतंत पाळली. सकाळी दूधसुद्धा चालत जाऊन आणलं म्हणे. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली की पहिल्या स्टार्टला होणारी इंजिनातल्या चेनची खडखड आणि निळा धूर दोन्ही आपल्याला कळत नाहीत. इथे स्टार्ट पहिल्या सेल्फला झाला. खडखड दीड-दोन सेकंद, मग बंद. धूर नाही.

इंजिन धुतलेलं नव्हतं, सगळीकडे धूळ. हिला ते पाहून कसंसं झालं, मला मात्र हायसं वाटलं. विकायच्या आधी प्रेशरने धुऊन वर चकाकीचा स्प्रे मारला की गळतीचा सगळा पुरावा गटारात वाहून जातो.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून परत घातली. ऑइल खालच्या खुणेच्या जेमतेम वर. दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर मावतं, म्हणजे पाऊण लिटर तरी कमी. शेवटचं ऑइल ऑगस्टमध्ये बदललंय, ३,१०० किलोमीटरपूर्वी. बिलात ग्रेड २०डब्ल्यू-४०. या इंजिनाला पातळ ऑइल लागतं. विचारलं तर गुरुजी म्हणाले, "आमचा फिटर म्हणाला, जाड टाकू, म्हणजे गळायचं थांबेल." माणूस लपवत नाही, याची नोंद वेगळी करून ठेवतो.

ऑइलच्या टोपीच्या आत दह्यासारखा साका नाही. कुलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत तवंग नाही. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणजे हेड गॅस्केटची काळजी तूर्त बाजूला.

मग पोतं अंथरून खाली शिरलो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या सांध्याच्या तळाशी काळं, चिकट, धूळ बसून मऊ झालेलं किटण, आणि त्याच्या टोकाला लोंबणारा एक थेंब. खाली शहाबादी फरशीवर दहाच्या नाण्याएवढा ताजा डाग आणि आजूबाजूला त्याची फिकट झालेली भावंडं. टिश्यूवर टिपला. तपकिरी-काळा, पसरट. पाणी नाही, कुलंट नाही, गिअर ऑइलचा उग्र गंधकासारखा वासही नाही. इंजिन ऑइलच.

"इंजिन आहे, थोडा घाम येणारच," इति गुरुजी.

पंपहाऊसवर आमच्याकडे या बाबतीत तीन शब्द आहेत. घाम म्हणजे बोट फिरवलं तर बोटाला लागतं. ओल म्हणजे चमकतं, ओघळ दिसतो. ठिबक म्हणजे खाली डबा ठेवावा लागतो. हे ठिबक होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार.

फोटो आणि व्हिडिओ मिस्त्रींना पाठवले. जुन्या एमआयडीसीतलं त्यांचं गॅरेज, माझ्या दुचाकीपासूनची ओळख. पाच मिनिटांत फोन.

"बॅक सील हाय सर. क्रँकची मागची. गिअरबॉक्स उतरावा लागंल."

"फोटोवरून कळलं?"

"जागाच सांगतीय की."

जागा सांगते हे खरं. क्रँकशाफ्ट मागच्या बाजूने जिथे बाहेर येऊन फ्लायव्हीलला जोडला जातो, तिथे ही सील असते. ती गेली की ऑइल गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या खोक्यात उतरतं आणि तळाच्या सांध्यातून ठिबकतं. सील काही शे रुपयांची. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची. आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लचप्लेटही टाकून घ्या, असं प्रत्येक जण म्हणतो आणि त्यात चूकही नाही. मिस्त्रींचा अंदाज एकूण १३-१४ हजार.

पण तेल तर वरून खाली येतं. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून सुटलं तरी ब्लॉकच्या मागून ओघळत शेवटी त्याच सांध्यावर येऊन थांबणार, कारण त्याच्या खाली जागाच नाही. चालत्या गाडीत वारा त्याला आणखी मागे ढकलतो. तिथली काळी जागा म्हणजे गावाचं एसटी स्टँड, उतरलेला माणूस कुठल्या गावाहून आला ते स्टँड बघून कळत नाही.

वहीत संशयितांची नावं लिहिली, वरून खाली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग: सामान आणि मजुरी मिळून दीड हजाराच्या आत. कॅमशाफ्ट सेन्सरची रबरी रिंग: शंभर-दोनशे. ऑइल प्रेशर स्विच: पाचशे. चेन कव्हर: सहा-सात हजार, कारण तिथे पॅकिंग नसून सिलिकॉन असतं आणि ते परत लावायला एका बाजूचा माउंटिंग सोडून पुढचं सगळं उघडावं लागतं. चेंबर, म्हणजे खालची ऑइलची टाकी: दीड-दोन हजार. बॅक सील: १४ हजार. फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा वॉशर तर आधीच बघितले, दोन्ही कोरडे.

ही म्हणाली, "अहो, दुसरी गाडी बघा ना. साताऱ्यात काय गाड्यांचा दुष्काळ पडलाय?"

पडलेला नाही. पण एकहाती, अपघात नसलेली, मीटर न फिरवलेली गाडी रोज मिळत नाही. सर्व्हिसिंगची नऊ वर्षांची बिलं गुरुजींनी तारीखवार फाइल केलीत, आकडे चढत्या क्रमाने जुळतात. एक रविवार आणखी घालवायला हरकत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार. वाई ते पाचगणी आणि परत.

गुरुजींची परवानगी आधीच घेतली होती. सामान: ब्रेक क्लीनरचे दोन डबे, जुना टूथब्रश, चिंध्या, टॉर्च, काडीला बसवलेला छोटा आरसा. पाण्याचा फवारा मुद्दाम टाळला, अल्टरनेटर आणि सेन्सरची कनेक्टरं उगाच भिजतात. अल्टरनेटरवर प्लास्टिकची पिशवी बांधली. गार इंजिनावरच काम, कारण क्लीनर पेट घेतो. टॅपेट कव्हरच्या कडेपासून सुरुवात करून खाली सांध्यापर्यंत धातू दिसेल इतकं साफ केलं. सव्वा तास गेला, पाठ मोडली.

वाळल्यावर टाल्कम पावडर. अंगाला लावायची साधीच. तेल लागलं की पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते, ती मागे मागे शोधत गेलं की उगम सापडतो. यासाठी रंग आणि निळा दिवाही मिळतो, पण सातशे रुपये घालवायचं जिवावर आलं. पावडरचा डबा गुरुजींकडच्या काकूंनी दिला आणि वर म्हणाल्या, "पावडर लावून दाखवायला नेताय होय गाडीला? कांदेपोहे करू का?" पोहे खरंच केले.

मग पसरणी घाट. मी चालवत होतो, गुरुजी शेजारी, ही मागे. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, पण चढ सलग आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिन चांगलं तापतं. सपाट रस्त्यावर गाडी मिरवणं वेगळं आणि घाटात चौघांच्या वजनाने चढवणं वेगळं (चौथे म्हणजे गुरुजींचे तांदूळ, पाचगणीला लेकीकडे पोचवायचे होते). तापमानाचा काटा मधोमध स्थिर. ताकद पुरेशी.

घाटातल्या वळणांवर हिने मागून विचारलं, "काहीतरी जळतंय का? तळण करपल्यासारखं?"

मला काहीच येत नव्हतं. एसी आतली हवा फिरवत होता. बाहेरची हवा घेणारी कळ सरकवली आणि तो वास मलाही आला. करपलेलं तेल. आता हे फार कामाचं निघालं, कारण या इंजिनाचा एक्झॉस्ट मागच्या बाजूला, आपल्या पायांकडच्या भिंतीलगत आहे. बॅक सीलचं तेल खाली ठिबकतं, ते तापलेल्या एक्झॉस्टच्या वरच्या भागावर पडेल कसं? तिथे पडायचं तर ते वरूनच यायला हवं. शंका पहिली नोंदवली ती हिने, हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर आयुष्यभर ऐकावं लागेल.

उतरताना धुराची परीक्षा. तिसरा गिअर, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला, इंजिनाच्या ब्रेकवर बराच वेळ उतार. असं केलं की इनटेकमध्ये निर्वात वाढतो आणि व्हॉल्व्हच्या सील कडक झालेल्या असतील तर त्यांतून तेल आत ओढलं जातं. मग एकदम ॲक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग. गुरुजींना आरशात बघायला सांगितलं होतं. "काही नाही," ते म्हणाले, "परत करा." तीनदा केलं. काही नाही. म्हणजे पाऊण लिटर जळलेलं नाही, गळलेलंच आहे.

गुरुजींच्या घरी परत आल्यावर बॉनेट उघडून पाऊण तास थंड होऊ दिलं, मग पावडरवरच्या खुणा वाचल्या. पंचवीस-सव्वीस किलोमीटरमध्ये तळाचा सांधा पांढराच! मागच्या बाजूला, टॅपेट कव्हरच्या गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात मात्र पावडर ओली होऊन पिवळट झालेली, आणि तिथून बोटभर लांबीची एक बारीक रेघ खाली निघालेली. आरशात ती नीट दिसेना, एक्झॉस्टचा पत्रा आड येतो. फोन उलटा धरून व्हिडिओ काढला तेव्हा दिसली. बॅक सील दोषी असती तर आधी खाली ओल आली असती.

कॅम सेन्सर त्याच कोपऱ्याजवळ, पण रेघ त्याच्या बाजूने जाते, त्याच्यापासून सुरू होत नाही.

हुरूप आला म्हणून स्पार्कप्लगवरच्या इग्निशन कॉइली उपसल्या. एक, दोन, तीन कोरड्या. चौथीचं रबर खालून काळं आणि ओलं, प्लगच्या विहिरीत तळाला तेल. विहिरींच्या तोंडावरच्या सीलही त्याच कव्हरखाली असतात. एकाच कव्हरच्या दोन जागा एकाच टोकाला सुटल्यात.

पावडर परत मारली. फरशीवर मोठा पुठ्ठा अंथरला आणि गुरुजींना विनंती केली की गाडी रोजच्यासारखी वापरा, पण उभी करताना याच पुठ्ठ्यावर.

१२ नोव्हेंबर, बुधवार.

गुरुजींचा व्हॉट्सॲपवर फोटो. पुठ्ठ्यावर तीन थेंब. प्रत्येकाभोवती लाल पेनाने गोल आणि शेजारी तारीख, वेळ, किलोमीटर. पहिला ११ तारखेला सकाळी, म्हणजे पावडरनंतर दोन दिवसांनी. खाली सुबक अक्षरात: "एकूण प्रवास ४१ कि.मी." पस्तीस वर्षं वह्या तपासल्याचा हा परिणाम.

दुसरा फोटो इंजिनाचा, त्यांनी स्वतः काढलेला. रेघ आता कोपऱ्यापासून तळापर्यंत सलग, गंधाची ओढावी तशी. माझ्याकडून हे प्रकरण सुटलं. आता मिस्त्रींना पटवायचं.

१६ नोव्हेंबर, रविवार. सातारा, जुनी एमआयडीसी.

गुरुजी स्वतः गाडी घेऊन आले. रॅम्पवर चढवली. मिस्त्रींनी रेघ पाहिली, मान डोलावली आणि म्हणाले, "वरनं बी येतंय. पर सील बी घामेजली आसंल."

वाद घालण्यात अर्थ नाही, बघून घेऊ म्हटलं. गिअरबॉक्सच्या खोक्याला खालून एक छोटा पत्र्याचा झाकण-तुकडा असतो, तीन बोल्ट. तो काढला की आतलं फ्लायव्हील दिसतं. सील गळत असेल तर आतली भिंत तेलकट आणि क्लचची धूळ चिखलासारखी व्हायला हवी. मिस्त्रींनी आत बोट घातलं, बाहेर काढून उजेडात धरलं. राखाडी, कोरडी, भुरभुरीत धूळ. ते बोट त्यांनी बराच वेळ बघितलं आणि पँटला पुसलं. बॅक सीलचा विषय त्यानंतर निघाला नाही.

कॉम्प्रेशनही, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. १७२, १७०, १७४, १६८ पीएसआय. आकड्यापेक्षा चौघांतला फरक बघायचा, दहा टक्क्यांच्या आत असला की झालं. इथे चार टक्केही नाही. चौथ्याच्या विहिरीत तेल होतं म्हणून त्याची धास्ती होती, पण ते तेल प्लगच्या बाहेरचं.

मग प्रश्न हा की त्याच कोपऱ्यात पॅकिंग का सुटलं. नऊ वर्षांत रबर कडक होतं हे आहेच. पण मिस्त्रींनी इथे अनुभव दाखवला. इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी काढली आणि तोंडावर बिलाचा कागद ठेवला. कागद चिकटायला हवा होता. तो फडफडून उडाला.

"बॅक कॉम्प्रेशन. पर रिंगा तर चांगल्या हायती, मग पीसीव्ही बगा."

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये निसटतो, नव्या इंजिनातही. पीसीव्ही व्हॉल्व्ह तो वायू इनटेकमध्ये परत नेऊन जाळतो. व्हॉल्व्ह तुंबला की वायूला वाट राहत नाही, आत दाब साठतो आणि जिथलं रबर सगळ्यांत म्हातारं, तिथून तेलाला बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला. चांगला असेल तर आतली गोळी टिकटिक वाजते. हा मुका. आत डांबरासारखं काळं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर सहा महिन्यांत परत हेच, आणि तेव्हा कुणीतरी नक्की म्हणालं असतं, सांगितलं होतं ना बॅक सील आहे म्हणून.

संध्याकाळी व्यवहाराचं बोलणं. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्यांच्या किमती उतरल्या, तेव्हा जुन्यांच्याही उतरायला हव्यात, हा माझा मुद्दा. गुरुजींनी तो शांतपणे ऐकला आणि मान्य केला. बॅक सीलच्या नावाने दहा हजार आणखी पाडता आले असते. मिस्त्रींनी बाजूला घेऊन तसं सुचवलंही. पण ज्या माणसाने थेंबांवर वेळ घालून दिली, त्याला खोटा थेंब दाखवणं मला जमलं नाही. ३ लाख २० हजार ठरले, दुरुस्ती त्यांच्या खर्चाने. विसार दहा हजार दिला, पावती कागदावर.

२३ नोव्हेंबर, रविवार.

टॅपेट कव्हर उघडलं. पॅकिंग खोबणीतून काढताना तीन ठिकाणी मोडलं, लाखेची बांगडी मोडते तसं, आवाज करून. कोपऱ्यातला तुकडा चपटा होऊन काळा-चकचकीत झालेला. आत कॅमशाफ्ट मधाच्या रंगाचा, खरड नाही. जिथे चेन कव्हर हेडला भेटतं त्या दोन सांध्यांवर सिलिकॉनचा वाटाण्याएवढा टिळा लावायचा असतो, तो मिस्त्रींनी न सांगता लावला. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, हलक्या हाताने. त्यांच्या पोराने शेवटच्या बोल्टला जोर लावला तेव्हा त्याला एक शिवी बसली, कारण जास्त आवळलं की पॅकिंग चेपतं आणि परत तेच रडगाणं.

नवा पीसीव्ही व्हॉल्व्ह, विहिरींच्या सील, फिल्टर, ५डब्ल्यू-३० ऑइल. खर्च २,९८०, त्यात ऑइलच अर्ध्याहून जास्त. कागदाची परीक्षा परत केली. कागद तोंडाला चिकटला, ओढून काढावा लागला.

सगळं पुसून परत पावडर. गुरुजी गाडी वाईला घेऊन गेले, नवा पुठ्ठा डिकीत.

३० नोव्हेंबर, रविवार.

सात दिवस, १९६ किलोमीटर. पुठ्ठ्यावर एकच गोल, लाल पेनाने, शेजारी लिहिलेलं: "पाणी. एसीचे. वास घेऊन पाहिला." मागचा कोपरा पांढरा, रेघ नाही. डिपस्टिक वरच्या खुणेवर, जिथे ठेवली होती तिथेच.

कागद झाले. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज नव्हतं त्यामुळे ३५ लागला नाही. गाडी २०१९ च्या आधीची म्हणून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्या हव्या होत्या, त्या गुरुजींनी आधीच बसवल्यात. विमा नावावर करायला १४ दिवस हातात आहेत, उद्याच करतो. बिलांची फाइल मिळाली, तिच्यात शेवटी दोन्ही पुठ्ठे घडी घालून पंच करून लावलेले.

येताना गाडी हिने चालवली, पाचवडपर्यंत.

रात्री पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन परत खाली शिरलो. चेन कव्हरच्या खालच्या कडेला घाम आहे, बोटाला लागतो, ओघळ नाही. तारीख लिहिली. ७३,००० किलोमीटरला परत बघणे.